सूंऽऽ करणारा उजेड

गंगापूर रोडवर सध्या दोन गोष्टींचं पीक जोरात आहे. एक म्हणजे कॅफे, आणि दुसरं म्हणजे त्या कॅफेंच्या छताला टांगलेल्या जुन्या पितळी बत्त्या. कधी मान वर करून नीट बघितलंय? घासूनपुसून चकाचक केलेली टाकी, काचेच्या आत पिवळसर एलईडी आणि टाकीच्या बुडाला पाडलेल्या भोकातून बाहेर आलेली काळी वायर. आपण त्याखाली बसून सेल्फी काढतो, ‘व्हिंटेज व्हाइब्स’ असं कॅप्शन टाकतो आणि कोल्ड कॉफी मागवतो. नो प्रॉब्लेम, बॉस. मीही तिथेच बसून कॉलम लिहिते.

पण एक सांगू? ती बत्ती मेलेली असते. टाकीला भोक पडलं की ती हवा धरत नाही. आणि जी हवा धरत नाही ती बत्ती नाही, तो नुसता पितळेचा डबा!

हा डायलॉग माझा नाही. तो आहे मायकोवाल्या काकांचा. (काकांची अट एकच, नाव छापायचं नाही. ‘घरी गर्दी झाली तर काकू आधी बत्त्यांना बाहेर काढेल आणि मग मला,’ असं त्यांचं म्हणणं.) काका सातपूरच्या मायकोत फिटर होते. आता त्या कंपनीला बॉश म्हणतात, पण नाशिकमध्ये ज्यांनी तिथे आयुष्य काढलं त्यांच्यासाठी ती कायम मायकोच. डिझेल इंजिनाची नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना. म्हणजे केसाएवढ्या भोकातून तेल कसं नेमकं उडवायचं, हेच काकांनी नोकरीभर केलं. रिटायर झाल्यावर लोक मॉर्निंग वॉक सुरू करतात, कुणी ट्रस्टी होतं. काकांनी जुन्या रॉकेलच्या बत्त्या जमवायला घेतल्या. का, तर त्यातही एक नोझल असतं!

जेहान सर्कलच्या थोडं पुढे, आतल्या गल्लीत त्यांचं घर आहे. आजूबाजूला टॉवर उभे राहिलेत, हा बंगला मात्र अजून बसकाच. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौतीस बत्त्या ओळीने टांगलेल्या. प्रत्येकीच्या दांडीला दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. कंपनी, मॉडेल, कुठून आणली, काय काय बदललं. चौतीसपैकी एकोणतीस पेटतात. उरलेल्या पाच ‘आयसीयूत’ आहेत.

बत्तीला वात नसते

तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांसाठी थोडं रिवाइंड. मी शाळेत होते तेव्हा महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता. २००५ नंतरची ती सगळी वर्षं आठवा. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि आपण त्याप्रमाणे अभ्यासाची वेळ बदलायचो. पण आपल्या वाट्याला आली ती मेणबत्ती, मग चार्जिंगचा लॅम्प, मग इन्व्हर्टर. बत्ती त्याच्या आधीची. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, तमाशाचा फड, देवळातलं कीर्तन, यात्रेतली भेळेची गाडी... जिथे जिथे रात्री चार माणसं जमायची, तिथे तिथे ती सूंऽऽ असा आवाज करत जळायची. कुणी तिला गॅसबत्ती म्हणायचं, कुणी पेट्रोमॅक्स.

आता गंमत बघा. गॅसबत्तीत सिलिंडर नसतो आणि पेट्रोमॅक्समध्ये पेट्रोल नसतं. (आणि प्लीज, कधीही घालू नका. जिवाशी खेळ आहे.) आत असतं साधं रॉकेल. मग गॅस कुठून आला?

काकांनी मला हे स्टीलच्या ताटात बत्तीचे सगळे अवयव मांडून समजावलं. साध्या कंदिलात वात रॉकेल वर ओढते आणि टोकाला जळते. उजेड पिवळा, काजळी फुकट. बत्तीत वातच नाही. खालच्या टाकीत साधारण लिटरभर रॉकेल मावतं. पंपाने हवा भरली की टाकीतला दाब रॉकेलला एका बारीक नळीतून वर ढकलतो. ही नळी आधी स्पिरिट जाळून तापवलेली असते. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, म्हणजेच गॅस! ती वाफ नोझलच्या बारीक भोकातून सुसाट बाहेर पडते, जाता जाता हवा ओढून घेते, वरून वळसा घालून खाली येते आणि जाळीच्या एका छोट्या पिशवीत जळते. ती पिशवी म्हणजे मँटल. आपल्याकडे सर्रास ‘मेंटल’ म्हणतात, आणि बत्तीचा मूड बघता ते बरोबरच वाटतं.

यातली सगळ्यात भारी आयडिया पुढे आहे. नळी तापवायला स्पिरिट फक्त सुरुवातीला लागतं. एकदा मेंटल पेटलं की त्याचीच धग शेजारच्या नळीला तापत ठेवते. म्हणजे आत्ताचा उजेड पुढच्या उजेडाचं रॉकेल तयार करत असतो. मधेमधे थोडा पंप मारायचा, बस. मोठी ५०० कँडलपॉवरची बत्ती एका टाकीत सात-आठ तास चालते. एवढ्यात एक लग्न लागून, जेवणं होऊन, वरात घरी पोचते.

तो सूंऽऽ आवाज म्हणजे नोझलमधून सुटणारी वाफ. आवाज एकसारखा असेल तर तब्येत ठणठणीत. अडखळला, भकभकला, तर नोझलमध्ये कचरा. काका डोळे मिटून सांगतात. मायकोत कान तयार झालेत, असं काकू म्हणतात.

व्हिएन्ना, बर्लिन आणि केरळची वाळू

आता थोडी हिस्ट्री. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

मेंटलचा शोध लावला ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या केमिस्टने. पहिलं पेटंट १८८५ चं. पण खरा जमलेला फॉर्म्युला १८९१ चा : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. सुती पिशवी या क्षारांत बुडवून वाळवायची. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि मागे राहतो राखेचा सांगाडा. तोच पांढराशुभ्र तळपतो. बोट लागलं की भुगा! म्हणजे आपल्या आजोबांच्या लग्नातला झगमगाट राखेच्या फुग्यावर चालला होता.

मग १९०१ च्या सुमाराला आर्थर किटसन या इंग्रज माणसाने दाबाखालच्या रॉकेलची वाफ करून ती मेंटलमध्ये जाळायचा जुगाड बसवला. जुन्या संगीत नाटकवाल्यांच्या आठवणींत ‘किटसनच्या बत्त्या’ येतात ना, त्या याच्याच नावाच्या. आणि १९१० च्या आसपास बर्लिनच्या एहरिश अँड ग्रेट्झ कंपनीने हातात धरून नेता येईल अशी बत्ती काढली. कंपनीचे प्रमुख होते माक्स ग्रेट्झ. पेट्रोलियममधला ‘पेट्रो’ आणि साहेबांचा ‘माक्स’, झालं पेट्रोमॅक्स! पुढे स्वीडनच्या प्रायमस, रेडियस, ऑप्टिमस आल्या, इंग्लंडची टिली आली, अमेरिकेची कोलमन आली. पण आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा, तशी बत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स.

बरं, या सगळ्यात आपण कुठे? तर मेंटलला लागणारं थोरियम मिळतं मोनाझाइट नावाच्या वाळूत. १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन केमिस्टला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे मोनाझाइट दिसलं. झालं! ती वाळू जहाजं भरभरून युरोपात मेंटलसाठी जायला लागली. म्हणजे वाळू आपल्या किनाऱ्यावरची, मेंटल तिकडचं, आणि त्यातलं एखादं परत येऊन निफाड-सिन्नरच्या वरातीत पेटलेलंही असेल. ग्लोबलायझेशन १९९१ ला आलं असं आपल्याला शिकवतात!

आणि मराठी माणूस नुसता गिऱ्हाईक नव्हता. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. ती जागा म्हणजे आजची ओगलेवाडी. त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत होता. तो वातीचा, आपल्या बत्तीचा चुलतभाऊ म्हणा. काकांकडे एक आहे, पण ‘पाहुणा’ म्हणून. यादीत धरत नाहीत.

दिवे जमवण्याचं वेडही आपल्याला नवीन नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या दिव्यांसमोर एकदा उभे राहा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं गोळा केली आणि १९७५ साली सगळा खजिना राज्य सरकारच्या स्वाधीन केला. सातव्या वर्षी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. काका दर दोन वर्षांनी तिथे जातात. वारीला जावं तसे.

शनिवारचं ऑपरेशन थिएटर

माझी शेडमध्ये एंट्री झाली ती आमच्याच घरच्या बत्तीमुळे. माझे आजोबा सिन्नर तालुक्यात लग्नकार्याला बत्त्या भाड्याने द्यायचे. चार होत्या. तीन कधीतरी मोडीत गेल्या, एक माळ्यावर उरली. काच नाही, पंप जाम, टाकीवर हिरवा थर. मी ती पोत्यात गुंडाळून काकांकडे नेली. त्यांनी टाकी उचलली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, ‘आत तेल आहे अजून. किती वर्षांचं, देव जाणे. ठेव तिथे. आणि पान्याला हात लावायचा नाही.’

चार शनिवार झाले. शिकलेल्या गोष्टी सांगते. तुमच्या माळ्यावरही एखादी निघेल, काय सांगावं!

पहिला नियम : जोर लावायचा नाही. पन्नास वर्षं बसलेला आटा पाच मिनिटांत सुटत नाही. गंजावरचं तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग थोडी ऊब द्यायची, पुन्हा तेल. पितळ मऊ असतं. पाना घसरला की कडा गोल आणि खेळ खलास. आमच्या बत्तीचा पंप तिसऱ्या शनिवारी सुटला. काकांनी दोन बोटांनी फिरवला. मी टाळी वाजवली, काकूंनी चहा आणला.

दुसरा नियम : चकचकीत म्हणजे चांगली असं नाही. जुन्या बत्त्यांच्या टाकीवर बऱ्याचदा निकेलचा मुलामा असतो. बफ मारला की निकेल उडतं आणि खालचं पिवळं पितळ दिसायला लागतं. कॅफेला ते आवडतं, जाणकार मात्र कपाळावर हात मारतो. हिरवा थर काढायला काका चिंचेचं पाणी वापरतात, मऊ फडकं आणि भरपूर पेशन्स. घासणी बॅन!

तिसरा : हवा धरते का बघायचं. पंपाच्या आत चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो. तो सुकला की दट्ट्या नुसता वरखाली होतो आणि हवा जातच नाही. तेलात भिजवला की फुगून पुन्हा नळीला चिकटतो. पंपाच्या बुडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. हवा आत जाऊ द्यायची, रॉकेल बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो खराब असेल तर दट्ट्या आपोआप वर येतो आणि पंपातून रॉकेल हातावर. सगळं बसवून हवा भरायची आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवायची. बुडबुडे आले तर गळती. सायकलचं पंक्चर काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आमच्या टाकीला बुडबुडे आले. बुडाच्या कडेला, केसाएवढी चीर. जुन्या पितळेला अशी चीर पडते म्हणे. काका मला भांडी बाजारात घेऊन गेले. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत ती उगाच नाही. तिथल्या एका कारागिराने टाकी हातात घेतली, उलटी केली, चिरेवर नख फिरवलं आणि म्हणाला, ‘डाग देतो. पण यात रॉकेल होतं ना? आधी दोनदा उकळत्या पाण्यानं धुऊन आणा. वास गेल्याशिवाय आगीजवळ नेणार नाही मी.’ यूट्यूबवरच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा भारी सेफ्टी लेक्चर, अर्ध्या मिनिटात.

चौथा नियम मेंटलचा. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं. घाबरून पळू नका, टांगलेल्या मेंटलपाशी बसलात म्हणून काही होत नाही. पण त्याची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. नवीन मेंटल पहिल्यांदा जाळायचं ते उघड्यावर, फुटलेलं ओल्या फडक्याने उचलायचं, हात धुवायचे. १९९० नंतर बऱ्याच कंपन्यांनी थोरियम सोडून यिट्रियम वापरायला सुरुवात केली, तशी मेंटलं मिळाली तर उत्तम.

आणि पाचवा : बंद खोलीत बत्ती नाही म्हणजे नाही. ती आपल्याच वाट्याचा ऑक्सिजन खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते. अंगण, गच्ची, शेड. जवळ वाळूची बादली. लांब ओढणी सोडून या.

रॉकेलचं काय? रेशनवरचं निळं रॉकेल आता शोधून सापडत नाही. गेल्या दशकात गॅस घरोघरी गेला, वीज गेली आणि ते आटत गेलं. चांगलंच झालं. चिमणीच्या धुरात डोळे फोडून अभ्यास करण्यात काही रोमँटिक नव्हतं. काका खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल आणतात, कॅनने. ते जळतंही स्वच्छ.

‘देऊन टाक’

आता खरी गोष्ट. तिसऱ्या शनिवारी पंप सुटला त्याच संध्याकाळी माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. इंटिरियर करते, हातात नव्या कॅफेचं काम. तिने माझ्या स्टेटसवर बत्तीचा फोटो बघितला होता. ‘पाच हजार देते. भोक अगदी बुडाला पाडू, दिसणारपण नाही. आणि रोज शंभर लोक बघतील. तुझ्या माळ्यावर कोण बघतं?’

पॉइंट होता. फ्रीलान्सरला पाच हजार म्हणजे काय, हे फ्रीलान्सरलाच विचारा. मानधनाचे चेक कधी येतात हा एक वेगळ्या कॉलमचा विषय आहे.

आईला विचारलं. आई म्हणाली, ‘देऊन टाक.’ एका सेकंदात. मी म्हटलं, अगं तुझ्या सासऱ्यांची आहे. ती म्हणाली, ‘म्हणूनच माळ्यावर ठेवली इतकी वर्षं. पण घरात पेटवायची नाही. पंप मारायच्या वस्तूची मला भीती वाटते.’

आणि मग तिने जे सांगितलं ते आपल्या पिढीला माहीतच नाही. तिच्या तरुणपणी पेपरात एक ठरावीक बातमी यायची, ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’. तोच दाब, तीच पिन, तेच रॉकेल. काही वेळा खरंच अपघात असायचा. काही वेळा नसायचा, आणि ते सगळ्यांना माहीत असायचं. आईच्या कॉलेजमधली एक मुलगी अशीच बातमीत आली. ‘तुम्हाला तो आवाज ऐकून छान वाटतं,’ आई म्हणाली, ‘मला वाटत नाही.’

यावर काय बोलणार? मी गप्प.

मग आजीला फोन. आजी गावी असते. मला वाटत होतं ती म्हणेल, आजोबांची आठवण आहे, जपून ठेव. आजी म्हणाली, ‘कोणती राहिली? मोठी का? ती लई जड. बाया कुरकुरायच्या.’

कोणत्या बाया?

‘आगं, बत्ती का आपोआप चालायची व्हय वरातीत? बायांच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी अन् फळीवर बत्ती. वरात नाचायला थांबली की यांनी उभं ऱ्हायचं. खाली ठेवायची नाही. घटकाभर नाचले तर घटकाभर उभ्या. वरून धग, रॉकेल गळलं तर केसात. वरात गेली का अंधारात घरी.’

मी रिकामी बत्ती काट्यावर ठेवून बघितली होती, अडीच किलोच्या आसपास. टाकी भरली की सव्वातीन. फळीवर दोन असल्या की साडेसहा. पुढच्या शनिवारी एक डोक्यावर ठेवून शेडमध्ये उभी राहिले, न पेटवता. सहाव्या मिनिटाला मान बोलायला लागली. वरात दोन-तीन तास चालायची.

‘अन् काच तडकली तर?’ मी विचारलं.

‘तर तुझे आजोबा पैसे कापायचे,’ आजी म्हणाली. ‘मी म्हणायचे नका कापू, ते कापायचे. जर्मनीची काच आहे म्हणायचे.’

आमच्या घरात आजोबांच्या बत्तीच्या धंद्याच्या खूप गोष्टी आहेत. कोणाच्या लग्नात कशी वेळेवर बत्ती पोचवली, कोणत्या पाटलाने कसं कौतुक केलं. ही गोष्ट त्यात नव्हती. आजीने कधी लपवली नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

जुन्या वरातींचे फोटो मिळाले तर बघा. नवरा दिसतो, घोडा दिसतो, बँडवाले दिसतात. सगळं लख्ख, कारण बाजूला बत्ती आहे. बत्तीच्या खालचा चेहरा मात्र काळा. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, टाकीची सावली सरळ खाली पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण निबंधात वापरून दहा मार्क मिळवले. ती सावली माणसांवर पडायची, हे डोक्यात आलं नव्हतं.

लेबलवर काय लिहायचं?

चौथ्या शनिवारी मी हे सगळं काकांना सांगितलं. ते काचा पुसत होते, बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या चौतीस लेबलांवर कंपनी आहे, मॉडेल आहे, साल आहे. कोणाच्या डोक्यावर होती ते एकावरही नाही.’

काकांची एक काळजी आहे. त्यांचा मुलगा पुण्यात आयटीत, टू बीएचकेत राहतो. चौतीस बत्त्या तिथे जाणार नाहीत. भंगारवाला पितळेचा भाव देईल, डेकोरवाला दुप्पट देईल आणि ड्रिल घेऊन येईल. त्यामुळे त्यांनी एक स्कीम काढलीय. जो कोणी येऊन एक बत्ती पूर्ण खोलून, साफ करून, स्वतःच्या हाताने पेटवून दाखवेल, त्याला त्यांच्या संग्रहातली एक फुकट. अट एकच, भोक पाडायचं नाही. आतापर्यंत तिघांनी नेल्या. एक आर्किटेक्ट, एक बँकेतला, आणि एक बारावीचा मुलगा, जो तिघांत सगळ्यात हुशार आहे असं काकांचं मत.

मैत्रिणीला मी नाही म्हटलं. ती रागावली नाही. उलट म्हणाली, नवीन बनवलेल्या शोपीस बत्त्या मिळतात, त्या लावते. टाकीत पहिल्यापासूनच वायर. त्यात कुणाचं काही जात नाही. मला वाटतं हा बरा मार्ग आहे. कॅफेवाल्यांनो, नोट करा.

आईशी तह झाला. बत्ती घरात येणार नाही, पेटवणार नाही. ती काकांच्या शेडमध्ये राहील, तीसच्या पुढच्या नंबरवर टांगलेली. आई एकदा बघायला येईल म्हणालीय. ‘लांबून,’ असंही म्हणालीय.

आणि लेबल? आजीला दोन बायांची नावं आठवतात. आडनावांसकट, कोणत्या आळीत राहायच्या त्यासकट. एक अजून हयात आहे. मॉडेल नंबर काय, दोन मिनिटांत इंटरनेटवर सापडतो. ही नावं फक्त आजीकडे आहेत, आणि आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. मी ती लिहून घेतली. इथे छापत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही. पुढच्या महिन्यात गावी जाऊन विचारणार आहे. ‘आमच्या आईचं नाव आणि त्या बत्तीवर? कशाला?’ असंही कुणी म्हणू शकतं. म्हटलं तर तेही ऐकून घ्यायचं.

टाकीचा डाग बसलाय. परवा बादलीत बुडवली, एकही बुडबुडा नाही. काच मिळाली, नोझल काकांनी स्वतः साफ केलं (मला हात लावू दिला नाही, तिथे ते अजून मायकोतच असतात). आता पंपाचा चामडी वॉशर तेवढा राहिलाय. तो काल संध्याकाळी एका वाटीत तेलात टाकलाय. मी विचारलं, काका, अजून किती वेळ?

‘चोवीस तास,’ काका म्हणाले. ‘आणि तोपर्यंत पुठ्ठा कापून ठेव. जरा मोठा काप.’